फ्रीगंजचं गिऱ्हाईक, मक्सी रोडचा गोठा

उज्जैनमध्ये गोठा काढायचा असेल तर गाय बघायला जाण्याआधी संध्याकाळी टावर चौकात जाऊन उभं राहावं, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. घड्याळाच्या टॉवरभोवती खाण्यापिण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. कुल्फी-रबडीवाले, चहावाले, आतल्या रस्त्यांवरचे हलवाई, सगळ्यांना दूध लागतं, पण प्रत्येकाचं वेगळं. हलवायाला मावा चांगला पडायला हवा, म्हणून त्याला म्हशीचं. चहावाल्याला घट्ट आणि स्वस्त. फ्रीगंजच्या बंगल्यांत आणि मागच्या नव्या फ्लॅट्समध्ये राहणाऱ्यांना गायीचं, तेही देशी, काचेच्या बाटलीत आणि सकाळी सातच्या आत. शिंद्यांच्या राजवटीपासून इथे रुजलेली आमच्यासारखी मराठी घरं चक्क्याला आणि तुपाला दूध मागतात, आणि गोठ्यात कोणी व्यायलं की चिकासाठी फोन करतात. यातलं कोण आपलं गिऱ्हाईक, हे ठरलं की कोणतं जनावर घ्यायचं ते ठरतं. आधी जनावरं आणून मग गिऱ्हाईक शोधणाऱ्यांचे पत्र्याचे रिकामे गोठे मक्सी रोडला आणि देवास रोडला बघायला मिळतात.

आमची जमीन सासऱ्यांची, मक्सी रोडने शहराबाहेर पडल्यावर आतल्या बाजूला. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, माळव्यात सगळे करतात तेच. घर मात्र टावर चौकापासून चालत जाण्याइतकं जवळ. २०१७ साली धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, सोयाबीनचा भाव आपल्या हातात नाही, दुधाचा थोडा तरी असेल." त्यांनी शेतावर राहायचं आणि मी गिऱ्हाईक व हिशेब बघायचे, अशी वाटणी झाली. हिशेबाच्या वहीतच माजाच्या तारखा लिहायला लागले, आणि तिथून मी गोठ्यात पुरती शिरले.

दूध संघाला दूध घालायचं तर पैसे फॅटवर मिळतात. मध्य प्रदेशात सहकारी संघाच्या 'सांची'चा दर किलो फॅटमागे ठरतो. समजा तो ८०० रुपये आहे. गायीच्या दुधाला ४ फॅट लागली तर किलो दुधात ४० ग्रॅम, म्हणजे ३२ रुपये. म्हशीला साडेसहा लागली तर ५२. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) धरून बांधलेला असतो, त्यामुळे सांगली-कोल्हापूरकडे होल्स्टीनच्या (एचएफ) संकरित गायींवर लोकांनी घरं बांधली, मुलं शिकवली. माझा मामेभाऊ तिकडेच मुक्त गोठा चालवतो. त्याचा सल्ला सरळ होता: वीस एचएफ घे, संघाला घाल आणि निवांत राहा. त्याच्या गावी ते बरोबर आहे. इथे तीच गाय संघाच्या काट्यावर म्हशीपुढे मागे पडते, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की धापा टाकत निम्म्या दुधावर येते. पंखे, फवारे, पत्र्यावर पाचट, सगळं करावं लागतं.

म्हणून आम्ही मिश्र गोठा धरला. हलवायांसाठी आणि उरलेलं संघाला घालण्यासाठी हरियाणाच्या मुऱ्हा म्हशी, बाटल्यांसाठी गीर आणि थोड्या संकरित गायी. शुद्ध व्यवसायवाले याला नाक मुरडतात. दोन प्रकारची जनावरं म्हणजे दोन प्रकारचं वेळापत्रक, हे खरंच आहे. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हैस दहा महिन्यांवर घेते. म्हशीचा माज उन्हाळ्यात इतका मुका असतो की तो ओळखायला पहाटे गोठ्यात बसावं लागतं. पण श्रावणात बाटलीची मागणी घटली की हलवायाचा कढईमावा चालतो, आणि लग्नसराई संपून हलवाई थंडावला की घरची गिऱ्हाइकं असतात.

गोपालनाचे प्रकार पुस्तकात ओळीने मांडलेले असतात. माळव्यात ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. घरापुरती एक-दोन जनावरं ठेवणारी कुटुंबं अजून सगळ्यात जास्त. त्यांच्या गायीला घरचा भुसा, बांधावरचं गवत, आणि राखायला घरची म्हातारी माणसं. त्यांचं दूध आमच्यापेक्षा नेहमी स्वस्त पडणार आणि त्यांच्याशी भावात स्पर्धा करण्यात अर्थ नाही. दुसरे शहरालगतचे तबेले, वैरण विकत आणि दूध नगदी. दुभतं संपलं की जनावर बदलायचं, वासरांकडे लक्ष नाही. तिसरे कालवडी वाढवून गाभण विकणारे. हा धंदा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण यात दूध नासत नाही आणि रोजचं गिऱ्हाईक सांभाळावं लागत नाही. फक्त दोन-अडीच वर्षं पैसा अडकवून ठेवण्याची ताकद हवी. चौथ्या गोशाळा, त्यांचं अर्थकारण दानावर.

आणि एक प्रकार जवळजवळ संपला: बैलांसाठी गाय पाळणं. माळवी गाय त्यासाठीच होती. करडी-पांढरी, आटोपशीर बांध्याची, काळ्या चिकट मातीत न थकणारे बैल देणारी. दूध वेताला हजार लिटरच्या आतबाहेर. ट्रॅक्टर आला आणि तिचं मुख्य कामच गेलं. उज्जैनच्या उत्तरेला आगरला माळवीचं सरकारी प्रजनन केंद्र आहे. तिथले वळू बघितले आणि दिरांनी एक माळवी कालवड हट्टाने आणली. व्यवहारात ती बसत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण गोचीड तिला कमी लागतात, उन्हाचा त्रास नाही आणि औषधाचा खर्च जवळपास शून्य. हिशेबाच्या वहीत तिच्या रकान्यात मी काही लिहीतच नाही. आमच्या फ्रीगंजच्या घरात पोळ्याला अजून मातीची बैलजोडी आणून पुजतात. खरे बैल शोधायचे तर बरंच आत जावं लागतं.

देशी म्हटलं की फ्लॅटवाल्या गिऱ्हाइकांना गीरच हवी. ती दिसायलाही देखणी, लांब पानासारखे कान, फुगीर कपाळ. ब्राझीलने आपल्याकडून गीर नेली, पिढ्यान्‌पिढ्या दुधाच्या नोंदी ठेवून निवड केली आणि आज तिथला दुधाचा मोठा कारभार तिच्यावर आणि तिच्या संकरावर चालतो. आपल्याकडे गीर विकत घेताना मात्र आईच्या दुधाची नोंद मागितली की विकणारा आपल्याकडे संशयाने बघतो. 'ए-टू लिहा ना बाटलीवर' असा आग्रहही होतो, देशी गायीच्या दुधातल्या प्रथिनाचा तो प्रकार. मी लिहीत नाही. म्हशीचं दूधही ए-टूच असतं, हे सांगितलं की लोकांचा हिरमोड होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि काही दिवसांत तो आदेश मागेही घेतला. तेव्हा आमच्याकडे विचारणा करणाऱ्यांना मी एवढंच म्हटलं, दूध ताजं आहे आणि पाणी नाही, याची हमी माझी.

पाणी नाही, हेही पटवावंच लागतं. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या शहराला गायीचं दूध पातळ वाटतं. "भाभीजी, आज पानी ज्यादा हो गया क्या," असं विचारणाऱ्या एका आजोबांना मी गोठ्यावर नेऊन त्यांच्यासमोर धार काढून दाखवली. ते अजून आमचं दूध घेतात आणि अजून तेच विचारतात.

आता वैरण. या धंद्यात दुधाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग खाण्याचा असतो, आणि नवीन माणूस सगळा विचार गायीचा करतो. चारशे किलोच्या, दहा लिटर देणाऱ्या गायीला रोज पंधरा-वीस किलो हिरवं, पाच-सहा किलो कोरडं, आणि अंगासाठी दीड किलो अधिक दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असा साडेपाच किलो खुराक लागतो. दहा जनावरांनी हे गुणा, मग वर्षाने गुणा. जनावरं आणण्याच्या आधी हत्ती गवत लावलेलं पाहिजे, कारण पहिली कापणी मिळायला दोन-अडीच महिने जातात. त्यानंतर दर दीड महिन्याला ते हाताशी येतं. हिवाळ्यात बरसीम. तो गोड, लुसलुशीत, आणि नुसता घातला तर पोट फुगवणारा. भुशात मिसळूनच द्यायचा. पावसाच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी तर घालायचीच नाही, तीत जनावर मारणारं विष असतं.

कोरड्या वैरणीत माळव्याची चैन आहे. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की भुसा दारात येतो. तोच भुसा जुलैत घ्यायला गेलं तर दुप्पट. हार्वेस्टरने कापलेल्या शेतात उरलेले बुडखे, इथे त्यांना नरवाई म्हणतात, लोक सर्रास पेटवून देतात. रीपर फिरवला तर त्याचाच भुसा होतो. आम्ही शेजाऱ्यांची नरवाई रीपरने उचलायला लागलो तेव्हा लोक हसले. सोयाबीनचं भुसकटही जनावरं खातात आणि सोयाबीनची ढेप इथे सरकीपेक्षा सहज मिळते, त्यामुळे खुराक आम्ही घरीच करतो: मका, ढेप, कोंडा, चुनी, खनिज मिश्रण, मीठ. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, दाबून, हवाबंद ठेवला की दीड महिन्यात मुरघास तयार होतो. मुरघासाने आमचे उन्हाळे सुटले. ते तंत्र मामेभावाचं, त्याचं श्रेय त्याला.

जनावर घेताना आम्ही एक नियम केला: लागोपाठ तीन धारा समोर काढून बघायच्या. बाजारात आणलेल्या गायीची धार आदल्या दिवशी चुकवून कास फुगवलेली असते. एका धारेवर भुललं की फसलं. चारही सड मोकळे आहेत का, दात किती, कोणत्या वेताची, पान्हा वासराने सुटतो की इंजेक्शनने, हे पुन्हा पुन्हा विचारायचं. आणि सगळी जनावरं एकदम आणायची नाहीत. अर्धी आधी आणि अर्धी पाच-सहा महिन्यांनी, म्हणजे सगळ्यांचं दूध एकाच वेळी आटत नाही.

कर्जासाठी करून घेतलेल्या प्रकल्प अहवालात हेच नेमकं नव्हतं. त्यात दहा जनावरं होती आणि दहाही वर्षभर दूध देत होती. प्रत्यक्षात चांगल्या गोठ्यातही दहातली सहा-सात दुधात असतात. बाकीची भाकड किंवा व्यायला टेकलेली. विण्यापूर्वी दोन महिने दूध आटवावंच लागतं, नाहीतर पुढचं वेत जातं. कालवडींचं खाणं त्या अहवालात मुळीच नव्हतं, जणू वासरं जन्मतच मोठी होतात. तोच नमुना घेऊन कितीतरी पोरं अजून माझ्याकडे येतात.

भाकडकाळ लांबला की नफा जातो, आणि तो लांबतो माज चुकल्यामुळे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. एक माज हुकला की तीन आठवड्यांचं खाणं फुकट गेलं. इस्राएलमध्ये गायींच्या अंगावर यंत्रं बांधून त्यांची चाल मोजतात, माजावर आलेली गाय जास्त चालते म्हणून, आणि तिथली गाय वर्षाला सरासरी अकरा हजार लिटरच्या वर दूध देते. आमच्याकडे वही आहे आणि आमच्या गड्याची बायको आहे. तिला कुठली गाय अस्वस्थ आहे ते चारा टाकताना कळतं. तिने सांगितलेला माज सहसा खोटा निघत नाही, म्हणून दरमहा तिला त्याचे वेगळे पैसे देते.

गोऱ्ह्यांचा प्रश्न मात्र वहीने सुटत नाही. निम्मी वासरं नर होणार. बैल कोणालाच नकोत, आणि मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या हत्येला पूर्ण बंदी आहे, त्यासाठी वाहतुकीलाही. म्हणजे गोऱ्हा जन्मला की त्याला आयुष्यभर कोणीतरी खाऊ घालायचं. कायदा बरा की वाईट यावर चौकात तासन्‌तास बोलणारे असतात. रात्री कोणाच्या तरी शेतात सोडलेली जनावरं शिरतात तेव्हा दांडकं घेऊन धावणारे दुसरेच. आगर माळवा जिल्ह्यात सालरियाला सरकारने कामधेनू गो-अभयारण्य काढलं, २०१७ मध्ये ते सुरू झालं, तरी सुटलेल्या जनावरांना ते कितीसं पुरणार? टावर चौकाच्या आसपास रस्ता अडवून बसलेले वळू कोणाच्या तरी गोठ्यातून आलेले असतात. अभिमानाने नाही, पण सांगते: आमच्यातला एकही तिथे नाही. एक-दोन गोऱ्हे दिरांनी वळू म्हणून वाढवून गावांना दिले, काही गोशाळेत दिले, सोबत दरवर्षी भुशाची ट्रॉली. तो खर्च मी दुधाच्या भावात धरते. आता मादी वासरांची शक्यता वाढवणाऱ्या लिंगनिश्चित वीर्यमात्रा मिळतात, भोपाळच्या भदभदा केंद्रात त्या तयार होतात. महाग आहेत, गर्भ राहण्याचं प्रमाण थोडं कमी, तरी कालवडींना आम्ही त्याच वापरतो.

रस्त्यावरच्या गायींवरून आणखी एक. पितृपक्षात आणि अमावस्येला लोक घरची पुरी, खीर, पुरणपोळी गायीला घालतात. एखाद-दुसरा घास ठीक. पण चौकातल्या एकाच गायीला चाळीस घरांचं अन्न मिळालं की तिच्या पोटात आम्ल होतं, रवंथ थांबतो, आणि ती मरतेही. पुण्य करायचंच तर हिरव्या चाऱ्याची पेंडी घ्यावी. मी हे आमच्या सोसायटीत सांगितलं तेव्हा दोघी-तिघी रागावल्या.

२०२२ च्या पावसाळ्यात गुरांचा लम्पी रोग आला. पश्चिम मध्य प्रदेशात ऑगस्टपासून बातम्या यायला लागल्या होत्या. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत होते, तीच उपयोगी पडली. आमच्या बहुतेक जनावरांना वेळेत टोचलं होतं. तरी एका गाभण कालवडीच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, तिने खाणं सोडलं. रोज कडुनिंबाचा धूर, जखमांना मलम, माश्या हाकलणं. ती वाचली नाही. म्हशींना फारसं काही झालं नाही. त्याच महिन्यांत गिऱ्हाइकं गळाली, कारण दुधातून रोग माणसाला होतो अशी आवई उठली. तो माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, एवढं छापून बाटलीसोबत द्यायला लागलो. थोडे परतले, काही पाकिटाच्या दुधावर गेले ते गेलेच. विमा होता. कानातला बिल्ला, फोटो, पंचनामा सगळं असूनही पैसे हाती यायला इतका काळ लागला की दिरांनी त्याचा नाद सोडला होता. जनावर मेलं की बिल्ला शाबूत ठेवा, हे मात्र लक्षात राहिलं. आता १९६२ वर फोन केला की जनावरांचा फिरता दवाखाना येतो, रात्री-अपरात्री नाही, पण येतो.

चिकाचं सांगायचं राहिलं. गाय व्यायली ही बातमी फ्रीगंजमध्ये कशी पसरते कोण जाणे. पहिल्या दिवसाचा चीक मी कोणालाही देत नाही. वासराला पहिल्या तासाभरात सुरुवात करून, त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, दिवसभरात विभागून तो गेलाच पाहिजे. त्याची सगळी प्रतिकारशक्ती त्यातून येते. उरलेला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक वाटायचा. पैसे घ्यायचे नाहीत, हे सासूबाईंनी घातलेलं बंधन. त्यामुळे खरवसाच्या यादीत कोणाचं नाव आधी, यावरून नातेवाइकांत रुसवे होतात. जायफळ घालायचं की वेलची, यावरही.

दुधाइतकीच खरी कमाई कधीकधी शेणाची असते. जनावर रोज दहा-पंधरा किलो शेण टाकतं. गोबरगॅसवर शेतावरचा स्वयंपाक होतो आणि स्लरी हत्ती गवताला जाते. उरलेल्याच्या गोवऱ्या, म्हणजे इथले कंडे, होळीला, हवनाला आणि दाल-बाफल्यांच्या पंगतींना विकल्या जातात. बाफले कंड्यांवर भाजलेलेच हवेत असं मानणारे माळव्यात पुष्कळ आहेत, देव त्यांचं भलं करो.

सध्या ज्याला त्याला २०२८ चं सिंहस्थ, म्हणजे उज्जैनचा कुंभमेळा, दिसतंय. करोडो माणसं येणार, चहा, मावा, पेढे, दूध किती लागेल, म्हणून गोठे दुप्पट करा, असं हलवाई म्हणतात, कर्ज द्यायलाही लोक तयार आहेत. मोठ्या गोठ्यांसाठी सरकारी अनुदानाच्या योजनाही आल्या आहेत. सिंहस्थ दोन महिन्यांत संपतं. त्यासाठी घेतलेली म्हैस त्यानंतर दहा-बारा वर्षं खाते. आम्ही जनावरं वाढवणार नाही. घरच्याच कालवडी दुधात येतील तेवढ्या येतील. मुरघासाचा दुसरा खड्डा मात्र यंदा बांधायचा आहे. त्यासाठी शेजाऱ्याने सोयाबीनऐवजी दोन बिघे मका पेरावा म्हणून दीर त्याच्या मागे लागलेत. तो आगाऊ पैसे मागतोय आणि भावही चढा सांगतोय. परवा पुन्हा बसायचं ठरलंय.